बिलाच्या तळाची ओळ

रमजान आठ दिवसांवर आला आणि घरातल्या जुन्या मिक्सरने मान टाकली. येलदरीहून जिंतूर गाठलं, बाजारपेठेतल्या एका दुकानातून नवा मिक्सर घेतला, रोख पैसे मोजले, बिल खिशात घातलं. रात्री घरी शामी कबाबसाठी हरभऱ्याची डाळ वाटायला टाकली. दोन मिनिटांत जळका वास सुटला आणि मोटर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यासकट पुन्हा त्याच दुकानात. काउंटरवरच्या पोराने खोकं उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुमच्या गावाकडं व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्यानं जळला असंल."

येलदरीच्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमालच. आमच्या धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसवलेले आहेत. आमचं लहानपण त्या वीजघराचा आवाज ऐकत गेलं. आता कॅम्पातल्या खांबांवर वीज कशी येते हा वेगळा विषय आहे, पण तो मिक्सर काही व्होल्टेजने मेला नव्हता. मी आवाज चढवला तेव्हा मागून मालक आले. चांगले बुजुर्ग, पांढरी दाढी, बोलणं मऊ. त्यांनी माझ्याच हातातलं बिल माझ्यापुढे धरलं. "सर, पढ़े-लिखे आदमी हो तुम. नीचे क्या लिखेला है, पढ़ो."

बिलाच्या माथ्यावर ७८६ छापलेलं होतं. मध्ये मिक्सर आणि रक्कम. तळाशी ओळ: एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.

मी निघालो तेव्हा मालकांनी चहा मागवला. राग असूनही बसलो. त्यांचीही एक तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. त्यांच्या भावाचं कपड्यांचं दुकान आहे. लोक शनिवारी शेरवानी नेतात, रविवारी निकाह लागतो, सोमवारी शेरवानी परत. म्हणे, माप बसलं नाही. कॉलरला अत्तराचा वास, काखेत घामाचे डाग. एका शेरवानीच्या खिशात तर छुहारा सापडला. "अब बोलो सर, माल वापस लेना कि नहीं लेना?"

चहा संपला, मिक्सर बगलेत तसाच राहिला. एसटीत बसल्यावर डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ही ओळ आली कुठून? वरचा ७८६ आणि खालची ती ओळ, दोन्ही एका कागदावर कधीपासून नांदायला लागले?

सुरुवात मदिनेच्या बाजारापासून करावी लागते. हदीसच्या ग्रंथांत तीन प्रसंग आहेत, ते आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकलेले असतात, पण एकत्र ठेवून क्वचितच पाहिलेले असतात. पहिला धान्याच्या राशीचा. पैगंबर (स.) बाजारातून जाताना एका राशीत हात घालतात, तर आतलं धान्य ओलं लागतं. विकणारा सांगतो, पावसाने भिजलं. मग ते ओलं धान्य वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं, असं ते त्याला विचारतात आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं तोडतात. दुसरा प्रसंग हब्बान बिन मुनक़िज़ या सहाबींचा. डोक्याला जखम झाल्यामुळे त्यांना व्यवहारात नीट बोलता येत नसे आणि लोक त्यांना फसवत. घरच्यांनी म्हटलं, यांना सौदे करूच देऊ नका. पैगंबरांनी तो मार्ग घेतला नाही. सौदा करताना फसवणूक चालणार नाही एवढं बोल, आणि मग तुला तीन दिवसांची मुभा, असं त्यांना सांगितलं. म्हणजे दुबळ्या ग्राहकाला बाजारातून हाकललं नाही, बाजारालाच अट घातली.

तिसरा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. दुभतं जनावर विकण्याआधी दोन-तीन दिवस त्याची धार काढायची नाही, कास टम्म फुगलेली दाखवायची आणि जास्त दाम घ्यायचं. ही युक्ती आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात आजही कुणाला नवीन नाही. अशा घेणाऱ्याला हदीसमध्ये तीन दिवसांत जनावर परत करायचा हक्क दिला आहे. पण परत करताना, तेवढ्या दिवसांत जे दूध काढून प्यायला, त्याच्या बदल्यात एक साअ खजूर द्यायचा. माल परत, पण खाल्लेल्याचा हिशेब चुकता. शेरवानीच्या खिशातला छुहारा आठवला तो इथेच. (गंमत अशी की शाफ़ई पंथाने हा नियम जसाच्या तसा घेतला, हनफ़ींनी नाही. म्हणजे आमच्या मराठवाड्यापेक्षा कोकणातल्या मुसलमानांच्या फ़िक़्हमध्ये तो जास्त पक्का बसलेला आहे.)

या मुळांवर पुढे फ़क़ीहांनी जे उभं केलं ते वाचताना माणूस थक्क होतो. बाराव्या शतकात फ़रग़ाना खोऱ्यातल्या मर्ग़ीनानीने लिहिलेली 'हिदाया' हिंदुस्थानात शेकडो वर्षं मदरशांत शिकवली गेली. तिच्यात खरेदी-विक्रीच्या भागात 'ख़ियार' नावाची प्रकरणंच आहेत. ख़ियार म्हणजे सौदा ठेवायचा की मोडायचा ही निवड. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर दोष नसला तरी परत करता येते, हा ख़ियार-ए-रूयत. आज मोबाईलवर फोटो बघून कुर्ता मागवणारी पोरं नकळत त्याच हक्कावर जगतात. दोष निघाला तर परत, हा ख़ियार-ए-ऐब.

पण ग्राहकालाही मोकाट सोडलेलं नाही. घेतलेल्या जनावराला जखम आहे हे कळल्यावरही तुम्ही त्याच्यावर बसून आपल्या कामाला गेलात, तर तुम्ही दोष मान्य केला असं धरलं जातं आणि परतीचा हक्क जातो. मात्र त्याच जनावरावर बसून ते विकणाऱ्याकडे परत न्यायला निघालात, किंवा पाणी पाजायला नेलंत, तर हक्क जात नाही. कापड फाडून झाल्यावर दोष दिसला तर कापड परत करता येत नाही, पण दोषामुळे जेवढी किंमत कमी होते तेवढी रक्कम मागता येते. अंडी, खरबूज, अक्रोड फोडल्यावर आत पूर्ण सडकं निघालं तर सगळे पैसे परत, कारण जे कामालाच येत नाही तो मालच नव्हे. एवढ्या बारकाईने विचार करणारी माणसं नुसती पुस्तकी असणं शक्य नाही, ती बाजारात जाऊन अंडी फोडलेली माणसं होती. इमाम अबू हनीफ़ा स्वतः कूफ्यात कापडाचा धंदा करत. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता कापड विकलं तेव्हा त्या विक्रीचे सगळे पैसे त्यांनी सदक़्यात देऊन टाकले असं सांगितलं जातं.

हे सगळं आपल्यापासून फार लांब नव्हतं. औरंगज़ेबाच्या काळात 'फ़तावा-ए-आलमगीरी' तयार झाला, तो संकलित करणाऱ्या उलेमांचे प्रमुख शेख निज़ाम हे तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचे. दख्खनचे काज़ी ज्या पुस्तकांवरून निवाडे देत त्यात हेच नियम होते.

इतकं जमवून मी खुशीत होतो. मशिदीत मौलानासाहेबांना म्हटलं, बघा, त्या दुकानदाराची ओळ म्हणजे शरियतच्या सरळ विरुद्ध. त्यांनी मला शांतपणे खाली बसवलं आणि 'हिदाया'तलंच दुसरं पान काढलं. हनफ़ी मतानुसार विकणाऱ्याने सौद्याच्या वेळीच अट घातली, की या वस्तूच्या कुठल्याही दोषाची जबाबदारी माझ्यावर नाही, आणि घेणाऱ्याने ते कबूल केलं, तर नंतर दोषासाठी वस्तू परत करता येत नाही. दोषांची यादी सांगायचीही गरज नाही. शाफ़ईंना असं सरसकट हात झटकणं मान्य नाही, पण आपण हनफ़ी. "आता काय करता?" मौलाना हसत होते.

मी गप्प. मग त्यांनीच पुढचं विचारलं, "बिल तुम्हाला पैसे देण्याआधी मिळालं की नंतर?"

सगळी गोम इथे आहे. अट सौद्याचा भाग असायला हवी, दोघांनी ऐकून मान्य केलेली. पैसे गल्ल्यात गेल्यावर हातात पडलेल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली ओळ ही अट नव्हे, ती एकट्याने सुनावलेली गोष्ट. आणि दोष ठाऊक असून लपवला तर अट घालूनही गुनाह टळत नाही. वासिला बिन असक़अ या सहाबींबद्दल एक घटना नोंदलेली आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत एक उंट विकला गेला. घेणारा निघाला तसे ते त्याच्या मागे धावत गेले आणि विचारलं, मांसासाठी घेतलास की प्रवासासाठी? तो म्हणाला, हजला जायचंय. तेव्हा त्याच्या खुरात दोष आहे हे त्यांनी सांगून टाकलं. विकणारा चिडला, माझा सौदा मोडलात. बाजारात तिसऱ्या माणसानेही दोष सांगावा, ही अपेक्षा होती.

मग ही छापील ओळ? तिचं बियाणं विलायती आहे. घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत, विकणाऱ्याला जाब नाही, हे इंग्रजी न्यायालयांचं जुनं तत्त्व. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टापुरतं १७८१ च्या कायद्याने मुसलमानांच्या आपसातल्या करार-व्यवहारांना मुसलमानी कायदा लावायचं ठरलं होतं. तो इंग्रज न्यायाधीशांना समजावा म्हणून चार्ल्स हॅमिल्टनने 'हिदाया'चं इंग्रजी भाषांतर केलं, ते १७९१ मध्ये छापलं गेलं. पण १८७२ चा करार कायदा आला आणि ख़ियारची सगळी प्रकरणं न्यायालयातून उठून मदरशात परत गेली. आपण व्यक्तिगत कायदा म्हणून ज्याच्यावर आजही भांडतो त्यात निकाह, तलाक, वारसा उरला. बाजार कधी निसटला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ याच विलायती वळणाचं. मालाच्या दर्जाबद्दल न बोललेली हमी धरली जाणार नाही, असं म्हणून ते सुरू होतं, मग अपवाद देतं. व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्यालायक असलाच पाहिजे, हा त्यातला मोठा अपवाद. पण कलम ६२ म्हणतं की अशा हम्या उभयतांच्या करारानं किंवा बाजाराच्या रिवाजानं काढून टाकता येतात. छापखान्यातली ती ओळ या फटीतून आत शिरू पाहते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निज़ामाच्या राज्यात, त्यामुळे हा कायदा आपल्याकडे उशिरा आला, १९५१ साली, माजी संस्थानांना केंद्राचे कायदे लागू झाले त्यासोबत.

याच काळात मराठी बाजाराची स्वतःचीही एक रीत होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. जांगड. दुकानातून माल न्यायचा, घरी दाखवायचा, पसंत पडला तर पैसे, नाही तर माल जसाच्या तसा परत. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे, आणि सोन्या-हिऱ्यांच्या, लुगड्यांच्या व्यापारात तो आजही चालतो. माझ्या लहानपणी आमच्या अम्मीला साड्या अशाच घरी येत. गठ्ठ्यातून दोन ठेवायच्या, बाकीच्या घडी न मोडता परत पाठवायच्या. घडी मोडली तर ती साडी आपली, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. धरणाच्या कामाने वसलेल्या कॅम्पात वेगवेगळ्या गावांची, जातीधर्मांची माणसं राहत, पण किराणा एकाच दुकानातून उधारीवर येई. किडकी डाळ निघाली तर पोरगं पुडी घेऊन परत जाई आणि दुकानदार मुकाट्याने बदलून देई, कारण पगाराच्या दिवशी त्याला आमच्याच दारात यायचं असे.

मात्र जुन्या काळाचं फार गुणगान करायला मी तयार नाही. पुस्तकात नियम असणं आणि ते येलदरीसारख्या गावातल्या माणसाला मिळणं यात कोसांचं अंतर होतं. काज़ी कसब्यात बसायचा. मुहतसिब, म्हणजे वजनमापं आणि भेसळ तपासणारा अधिकारी, मोठ्या शहरांच्या बाजारात फिरायचा. अलाउद्दीन ख़िलजीबद्दल इतिहासकार बरनी लिहितो की तो कबूतरखान्यातल्या लहान पोरांना पैसे देऊन दिल्लीच्या बाजारात रोटी, हलवा, खरबूज आणायला पाठवी आणि मग त्या मालाचं वजन करवी. कमी भरलं तर दुकानदाराच्या अंगाचं मांस कापून तेवढं वजन पुरं केलं जाई. आमचे काही मित्र ही गोष्ट फार चवीने सांगतात. मला ती भयंकर वाटते. आणि हाच अलाउद्दीन १२९६ मध्ये देवगिरीवर आला तेव्हा इकडच्या बाजारांतून काय घेऊन गेला, त्याचं वजन कुणी केलं नाही. मापात पाप करणाऱ्याला धाक हवा, पण तो सुलतानाच्या मर्जीवर असेल तर तो ग्राहकाचा हक्क होत नाही.

हक्क म्हणून ही गोष्ट आपल्याकडे आली ती खूप अलीकडे, आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. टंचाई, साठेबाजी, रॉकेल-साखरेच्या रांगा असे ते दिवस. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा माल एकत्र घ्यायचा, ही तिची पद्धत. या आणि देशभरातल्या अशा कामातून वातावरण तयार झालं आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी वकील न लावता तक्रार मांडता येईल असा मंच त्याने दिला. खोटी, त्रास द्यायला केलेली तक्रार निघाली तर दहा हजारांपर्यंत भुर्दंड बसवायची तरतूदही त्याच कायद्यात होती, हे विसरू नये. दुधाच्या बदल्यात खजूर, या कल्पनेची ती लांबची नातेवाईक.

आता लागू असलेला २०१९ चा कायदा आणखी स्पष्ट आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार आता आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र नुसतं मन बदललं म्हणून घेतलेली चांगली वस्तू परत करायचा हक्क हा कायदा देत नाही. फ़िक़्हमध्ये त्याला इक़ाला म्हणतात. पस्तावलेल्या ग्राहकाचा सौदा विकणाऱ्याने राजीखुशीने मोडून देणं. हदीसमध्ये त्याला मोठा सवाब सांगितला आहे, पण ते बळजबरीने मागायचं नसतं. निकाहची शेरवानी नेणारे नेमके इथे गफलत करतात, की जाणूनबुजून करतात?

मिक्सर परत नेता येतो. आमच्या भागातला खरा फसलेला ग्राहक परत न्यायलाही काही हातात नसलेला आहे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचा पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पेरलेलं बी मातीत गेलं, पिशवी तेवढी उरली. पूर्वी बियाणे कंपन्या अशा वेळी म्हणत की दोष सिद्ध करायचा तर त्याच लॉटचं बी प्रयोगशाळेत द्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या खटल्यात सांगितलं की पुढे तपासणी लागेल म्हणून शेतकऱ्याने बी राखून ठेवावं ही अपेक्षाच चुकीची, आणि शेतकरी हा ग्राहक आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या फोडलेल्या अंड्याचाच हा निवाडा आहे. तपासायचं म्हणजे फोडायचं, पेरायचं. त्याची शिक्षा घेणाऱ्याला देता येत नाही.

माझ्या मिक्सरचं म्हणाल तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि एका साध्या कागदावर कायद्याचं कलम लिहून दुकानदारांना पोचतं केलं. अर्धा रमजान डाळ पाट्यावर वाटली. घरात त्याचं श्रेय मला रोज मिळत होतं. मग कंपनीचा माणूस आला, मोटर उघडली, वाइंडिंगच कच्चं होतं म्हणाला आणि नवीन मिक्सर द्यायला लिहून गेला.

तो घ्यायला गेलो तेव्हा मालकांनी पुन्हा चहा मागवला. नवं बिल फाडून दिलं. वर ७८६, खाली तीच ओळ. मी बोट ठेवलं तशी त्यांनी चष्मा वर करून ती जणू पहिल्यांदाच वाचली. "ये तो प्रेसवाला अपने मन से छापता सर, सबके बिल पे छापता. मैं बोला भी नहीं उसको." मी म्हटलं, पुढच्या वेळी नको म्हणून सांगा. त्यांनी काउंटरखालचा खण ओढून पाहिला.

"बोल देता. पर अभी चार बुकां बाकी हैं."